आठही सारखेच मऊ

"सही करा, काका. चारच ओळी आहेत." साहेबांनी कागद प्रयोगशाळेच्या टेबलावर सरकवला.

टेबलापलीकडे पोलादाचे तुकडे तपासत बसलेल्या तिने त्या चार ओळी समोरून, उलट्याच वाचल्या. 'तापलेले तुकडे पाण्यात टाकायला माझ्या हातून उशीर झाला, म्हणून पोलाद मऊ राहिलं, चूक कबूल आहे.' भट्टीवाले काका चष्म्यासाठी खिसे चाचपत होते. बावीस वर्षं भट्टीसमोर उभे राहून त्यांच्या भुवया विरळ झाल्या होत्या.

"साहेब, जरा थांबा," ती म्हणाली. तिचा आवाज कधी चढत नसे, त्यामुळे पुष्कळांना तो ऐकूच जात नसे. "पहिल्या तुकड्याचा कडकपणा एकशे अठ्ठ्याण्णव. शेवटच्याचा एकशे सत्त्याण्णव."

"हवा होता दोनशे चाळीस. मी तेच म्हणतोय."

"काका एकेक तुकडा पाण्यात सोडतात. हात रेंगाळला असता, तर पहिला कडक निघाला असता आणि शेवटचा मऊ. हे आठही सारखेच मऊ आहेत." तिने मायक्रोस्कोप त्यांच्याकडे वळवला. "फिकट दिसतं ते मऊ पोलाद, काळी बेटं कडक. भट्टी जेवढी तापेल, तेवढी बेटं जास्त. आठही तुकड्यांत ती कमीच आहेत. भट्टीच तापली नव्हती."

"भट्टीच्या मीटरवर सातशे ऐंशी अंश होते."

"मीटर चुकीचं दाखवतंय."

"तीन आठवड्यांपूर्वीच सांगितलं होतं मी," काका खिशातून हात न काढता म्हणाले. "भट्टीच्या आतला रंग उतरलाय, ती नीट तापत नाहीये म्हटलं. तुम्ही म्हणालात, डोळे तपासून घ्या. घेतले. चष्मा लागला."

साहेब वाकून मायक्रोस्कोपमध्ये पाहत राहिले. उभे राहिले तेव्हा त्यांचा आवाज गोड झाला होता.

"ठीक आहे, मीटर दुरुस्त करून घेऊ. पण सही तेवढी करून टाका, काका. तुमच्याकडून उशीर झाला असं मी वर कळवून बसलोय. आता मीटरचं काढलं, तर मलाच जाब विचारतील."

 तिने तपासणीचा तक्ता ओढला आणि खाली लिहिलं, भट्टीचं तापमान कमी, कामगाराचा दोष नाही. सही केली. पेन कागदात रुतलं.

"हाही वर पाठवा," ती म्हणाली. या वेळी ते शेजारच्या खोलीतही ऐकू गेलं.

काकांना चष्मा सापडला. तो लावून ते मायक्रोस्कोपवर वाकले. आपलं पोलाद आतून ते पहिल्यांदाच पाहत होते. बराच वेळ पाहिलं. मग चष्मा काढला, घडी घालून त्या चार ओळींवर ठेवला आणि कागदासकट साहेबांकडे सरकवला.

"हा तुमच्याकडेच राहू द्या. भट्टीचा रंग मला याच्याशिवाय दिसतो."