स्वच्छ आवाज

अबुबकरनं स्विचबोर्डाचं झाकण उघडलं तसं तातेरावांनी बोट दाखवलं. "ती हिरवी वायर. तेवढी काढून टाक, घूं घूं बंद होते. मागं मीच काढल्ती."

अबुबकरनं हात मागे घेतला. होम थिएटरचे पाचही स्पीकर घूंऽऽ करत होते. काही लावा, न लावा, तो आवाज येतच होता. आणि व्हॉल्यूम वाढवला की तोही वाढायचा.

तातेरावांना गाणी ऐकायची नव्हती. त्यांच्या मोबाइलमध्ये एक व्हिडिओ होता. त्यांची बायको, केशरबाई, गेल्या त्याच्या चार दिवस आधीचा. त्यात शोकेसमधला स्पीकर तेवढा दिसत होता. पण भजन संपल्यावर मागून केशरबाई काहीतरी बोलल्या होत्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांचा आवाज कुणी भरून ठेवला नव्हता. होता तो एवढाच. परतूरच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं मशीनपाशी उभं राहून तातेरावांचे कान अधू झाले होते. मोबाइल कानाला लावला तर नुसती कुजबुज कळायची. होम थिएटरवर मोठ्यानं लावलं तर शब्द त्या घूंऽऽमध्ये बुडून जायचे. दुसऱ्या कुणाला ऐकायला द्यायचं त्यांच्या जिवावर यायचं. ती त्यांच्याशी बोलली होती.

तिच्या बोलण्यानंतर त्यांचं स्वतःचं उत्तर होतं. ते मोबाइलजवळून बोललेलं, त्यामुळे नीट कळायचं. दहा महिन्यांत ते पाठ झालं होतं. "थांब गं. आवाज बघ कसा स्वच्छ झालाय." म्हणजे तीही आवाजाचंच काही म्हणाली असणार, कौतुकानं, असं ते धरून चालले होते. पण शब्द हवे होते.

परतुरात हे काम जाणणारा अबुबकर एकटाच. आणि त्याला बोलवायला तातेरावांची जीभ रेटत नव्हती. ज्या लोखंडी कूलरमध्ये पाणी भरताना केशरबाईंना करंट लागला, तो कूलर अबुबकरच्या बापानं, बदरोद्दीननं बनवलेला होता. तेरावा उरकला आणि तातेराव त्याच्या दुकानापुढे जाऊन उभे राहिले. भर बाजारात त्याला खुनी म्हणाले. त्या उन्हाळ्यात त्याचा एकही कूलर उठला नाही. आता दुकानाला कुलूप होतं आणि तो घरी बसून असायचा.

तरी निरोप दिला आणि अबुबकर आला. कसा काय आलास, असं तातेरावांनी दारातच विचारलं. तो म्हणाला, अब्बांनी पाठवलं. मयताच्या घरचं काम आहे, न्हाई म्हणू नको म्हणाले.

"काढ की," तातेराव म्हणाले.

"तुम्ही कधी काढल्ती, चाचा?"

"पाडव्याला. मोबाइलवर एकानं दाखवलं होतं. काढली अन् आवाज गपकन बंद. मंग तुझी चाची गेल्यावर जावयानं घरभर वायरिंग तपासून घेतली, तवा वायरमननं परत जोडली. तवापासून पुन्हा हेच."

"कूलर कोणत्या बोर्डावर होता?"

"ह्याच्यावरच. का रे?"

अबुबकरनं हिरव्या वायरीकडे बोट केलं. "पत्र्यात करंट उतरला ना, तर तो ह्या वायरीनं जमिनीत जातो, चाचा. ही नसली की माणसातून जातो."

"पत्रा तुझ्या बापाचा होता."

अबुबकरनं झाकण बसवलं, स्क्रू आवळले. हिरवी वायर होती तिथंच राहिली. तो टीव्हीमागे गेला आणि गल्लीतून आलेली केबल त्यानं उपटली. घूंऽऽ तिथंच थांबलं. घराचं अर्थिंग वेगळं, केबलमधून येणारं वेगळं, दोन्ही इथं एकत्र येतात म्हणून हमिंग होतं, असं त्यानं सांगितलं. पिशवीतून केबलचं अर्थिंग तोडणारी करंगळीएवढी एक डबी काढून त्यानं केबलमध्ये बसवली आणि केबल पुन्हा टीव्हीला लावली. स्पीकर गप्पच राहिले.

एवढंच काम होतं. बोर्डाला हात लावायची गरज नव्हती. तातेरावांनी त्या डबीकडे पाहिलं, मग बंद बोर्डाकडे.

"कूलर नीट असता तर काही झालं नसतं," ते म्हणाले.

अबुबकर पिशवी आवरू लागला. पैसे नको म्हणाला. तातेरावांनी त्याला थांबवलं. एकदा लावून बघू, पुन्हा आवाज आला तर तू समोर असलेला बरा, असं म्हणाले. मोबाइलची पिन अबुबकरनंच लावली. व्हॉल्यूमही त्यानंच वाढवला.

भजन वाजलं, संपलं. खोलीत मागे कसलीही घरघर नव्हती. बादली फरशीवर टेकल्याचा आवाज आला, पाणी हिंदकळल्याचासुद्धा. आणि मग केशरबाई बोलल्या, दारात उभ्या असल्यासारख्या.

"आवं, तुम्ही ती वायर काढल्यापासून कूलरला हात लावला की झिणझिण्या येऊन राह्यल्या. तेवढी जोडा बरं परत."

पुढचं वाक्य तातेरावांना पाठ होतं. तेही पाचही स्पीकरमधून आलं, हसत, एकदम स्वच्छ.