नात्याचा रकाना

लिगामेंटचं ऑपरेशन होऊन आठ महिनेही झाले नव्हते, तोच आटपाडीच्या कबड्डी सामन्यात प्रियदर्शनीचा गुडघा पुन्हा निसटला. "लय घाई केलीस पोरी," असं तिला कबड्डी शिकवणारे आबा पुढं दोन वर्षं म्हणत राहिले, आणि ती खाल मानेनं ऐकत राहिली.

सत्त्याण्णव साली मिरजेच्या नव्या डॉक्टरांनी तिची जुनी फाईल उघडली. "तुमचं नडगीचं हाडच वाकडं आहे. ते कापून सरळ केल्याशिवाय लिगामेंट टिकणारच नव्हतं. पहिल्या डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, तुम्हीच नको म्हणालात."

"मला कुणी इचारलंच न्हाई."

डॉक्टरांनी कागद तिच्यापुढं सरकवला. 'हाड कापल्यास वर्षभर खेळता येणार नाही, सबब नकार.' खाली आबांची सही होती आणि नात्याच्या रकान्यात 'वडील'.

तो शब्द तिचाच होता. दवाखान्यात भरती होताना नर्सनं नातं विचारलं, तेव्हा आबा गप्पच राहिले होते. लहानपणीच बाप गेलेली प्रियदर्शनी पटकन म्हणाली होती, "वडील लिवा."