ताकदीची भाकरी

ऑपरेशनआधीच्या तपासणीसाठी सिस्टरने यंत्रावर सिंधूचं बोट टेकवलं. रक्ताचा आकडा आला फक्त सहा!

"अहो, लोहबाजरीची रोज एक भाकरी खाल्ली की रक्त भरतं. तुम्ही पेरत नाही का ती?"

"पेरतो की!" तिचा नवरा भानुदास म्हणाला. त्याचा स्वतःचा आकडा होता सोळा.

"मग ही काय खाते?"

सिंधू ओशाळून हसली. "ताकदीची बाजरी ना ती, सिस्टर. आधी यांना, मग पोरांना. मला आपला रेशनचा भात बास."

"मग उद्याचं ऑपरेशन विसरा. आधी रक्त द्यावं लागेल."

भानुदासने ऐटीत बाही सरकवली. "माझं घ्या! भरपूर आहे."

"घ्याच, सिस्टर," त्यांची मुलगी केतकी म्हणाली. "आईच्याच ताटातलं आहे ते."