खुळखुळ

ट्रेमध्ये सहा स्क्रू होते, पत्र्याची एक चौकट, एक धुरकट काच आणि एक आरसा. कॅमेऱ्यात स्क्रूची भोकंही सहाच. म्हणजे तुटलं काही नव्हतं; फक्त काचेची चौकट एका बाजूने सैल झाली होती. तरीही आरशामागे एक तुकडा सापडला होता. पांढरट, एका कडेला धारदार. तो कॅमेऱ्याचा नव्हता.

"सापडला का स्क्रू?" शेखरने वेदिकाला विचारलं. कॅमेरा त्याच्या वडिलांचा होता, वरून डोकावून बघायचा, रिळाचा. आता दिंडोरीच्या द्राक्षबागेत लग्नाआधीचे फोटो काढताना तो नवरदेवाच्या गळ्यात शोभेला घालायचा. "घुंगरासारखा वाजतोय नुसता. येऊ द्या की तुमची पदवी कामाला, मेहुणीबाई!"

वेदिका अंबडच्या कारखान्यात मोजमापाची साधनं तपासायची. जुने कॅमेरे दुरुस्त करणं हा तिचा छंद. तिने तुकडा चिमट्याने उचलून व्हर्नियरच्या जबड्यांत धरून मोजला. ४.२ मिलिमीटर.

समोर दारात तिची आई, वत्सलाबाई, थोरल्या लेकीची ओटी भरत होत्या. मोहिनी तोंडावर रुमाल धरून माहेरी आली होती. मोरीत पाय घसरला, पुढचा दात तुटला, एवढंच तिने सांगितलं होतं. वत्सलाबाईंनी ते मानलं होतं. जावई न्यायला आला तसा त्यांनी नारळ काढला.

वेदिका व्हर्नियर तसाच हातात घेऊन मोहिनीपाशी गेली.

"ताई, तोंड उघड."

"कशाला गं?"

"उघड ना."

मोहिनीने शेखरकडे पाहिलं. मग तोंड उघडलं. वेदिकाने तुकडा तुटक्या दाताला लावला. कड कडेला चपखल बसली.

"दाजी, ताई मोरीत कॅमेरा घेऊन गेली होती का?"

शेखरने तिच्या हातावर फटका मारला. व्हर्नियर भिंतीवर आदळून पडला. "नवरा-बायकोच्या मधे बोलतेस? लय शिकलीस!" त्याने मोहिनीची वेणी मुठीत धरली आणि ओढली. तिचं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. ओटीतले तांदूळ सांडले. "चल, गाडीत बस. काय सांगितलं हिला? बोल!" कपाळ पुन्हा आपटलं. रक्त भुवईतून डोळ्यात उतरलं.

वत्सलाबाईंनी नारळ खाली ठेवला. टेबलावरचा कॅमेरा पट्ट्याने उचलला. आतलं सामान काढूनही तो चांगला किलोभर भरत होता. त्यांनी पट्ट्याचा एक वेढा मुठीभोवती घेतला.

"अहो आई, ठेवा तो," शेखर म्हणाला. "पडला तर मिळत नाही आता तसला."

वत्सलाबाई त्याच्याकडे बघत नव्हत्या.

"मोहिने, असाच धरला होता का गं यांनी?"

वेणी अजून त्याच्या मुठीत होती. मोहिनीला मान हलवता येईना.

"नाही," ती म्हणाली. "पट्टा लांब सोडला होता."

वत्सलाबाईंनी वेढा सोडला.

कॅमेरा फिरला आणि शेखरच्या तोंडावर बसला. कुणीतरी ओल्या लाकडावर कुऱ्हाड घालावी तसा आवाज झाला. वेणी सुटली. तो गुडघ्यांवर आला. त्याने हात वर केले तेव्हा कॅमेरा दुसऱ्यांदा कानावर बसला. शेखर भिंत धरत उठला, दोन्ही तळहात तोंडावर दाबून अनवाणीच बाहेर पडला. गाडीची चावी टेबलावरच राहिली.

वत्सलाबाईंनी दाराला कडी घातली आणि लेकीच्या कपाळावर हळद दाबून धरली. मोहिनी रडत नव्हती.

वेदिकाने व्हर्नियर उचलला. जबडे मिटवून शून्य तपासलं. शून्य बरोबर होतं. सांडलेल्या तांदळात लाल झालेले दाणे होते आणि त्यांच्यात आणखी एक पांढरट तुकडा, तांदळापेक्षा मोठा. तिने तो चिमट्याने उचलला.

६.८ मिलिमीटर.