तपासणीपुरती खीर

सासऱ्यांच्या पोटात वाटीभर खीर गेली असती, तर सुनेचा फायदा उघड होता. दवाखान्यात नेऊन सलाइन लावण्याची वेळ टळली असती, तिची रजा वाचली असती आणि सासूबाईंनी स्वयंपाकघरात तोंड लपवून रडणं थांबवलं असतं. माया होतीच. पण मायेने अंगात ताकद येत नाही, खाल्ल्याने येते.

अडचण दातांची होती. उरलेसुरले दात काढून झाले होते आणि कवळी यायला अवकाश होता. मऊ, वाटलेलं, कुस्करलेलं काही पुढे आलं की सासरे तोंड फिरवत. "मी काय तान्हं बाळ आहे?" चहा आणि पाण्यावर चार दिवस काढले होते त्यांनी. वजनमापे निरीक्षक म्हणून दुकानदारांच्या मापातलं पाप पकडण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना स्वतःची ढिली झालेली विजार दिसत नव्हती. डॉक्टरांनी उद्या सकाळपर्यंतची मुदत दिली होती.

सुनेने दोन पातेली चढवली. मोठ्यात घरच्यांसाठी अख्ख्या तांदळाची, साखर-वेलदोड्याची खीर. छोट्यात दीड वर्षाच्या लेकीसाठी भिजवून वाटलेला तांदूळ, दूध आणि कुस्करलेला खजूर. आज छोटं पातेलं जरा जास्तच भरलं होतं. ते ती ढवळतच राहिली. मनगट भरून आलं, पण गॅस मोठा केला नाही. कण बोटांत धरून चिरडून बघायची आणि पुन्हा ढवळायची.

"त्यांच्यापुढे नेऊ नकोस बाई," सासूबाई म्हणाल्या. "काल मी पेज नेली होती. वाटी तशीच परत आली, वर चार शब्द ऐकवले ते वेगळेच."

"त्यांना देतंय कोण?" सून म्हणाली.

तिने लेकीला आजोबांच्या मांडीवर बसवलं आणि वाटी-चमचा त्यांच्या हातात दिला.

"बाबा, हिला एवढी भरवता का? मला कपडे वाळत घालायचेत. फक्त प्रत्येक चमचा आधी चाखून बघा. एखादा कण राहिला असला तर घशात अडकेल."

"एकदा चाखली की झालं. सगळी एकाच पातेल्यातली ना?"

"का? तुम्ही दुकानातलं एकच वजन तपासून बाकीची तशीच सोडायचात?"

सासऱ्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "एकूण एक तपासायचो!" ते म्हणाले आणि चमचा तोंडात घातला. "साखर विसरलीस."

"दोन वर्षांची होईपर्यंत द्यायची नाही म्हणतात."

"तुरुंगातसुद्धा देतात गं."

सून बाल्कनीत गेली. एकच चादर पुन्हा पुन्हा झटकत खिडकीतून बघत राहिली. आधी नुसतं चमच्याचं टोक जिभेला लागत होतं. मग अर्धा चमचा तोंडात जाऊ लागला.

"थांब, कण होता," सासरे नातीला समजावत होते. "मी काढला हो." काढलेला कण गिळताना त्यांचे डोळे मिटले. पुढच्या चमच्याची त्यांनी फेरतपासणी केली. नातीने आ वासला. जवळ आलेला चमचा परत फिरला. नातीने तोंड मिटलं आणि पुन्हा वासलं. आतल्या दारात उभ्या असलेल्या सासूबाईंनी हसू दाबायला तोंडावर हात धरला.

मग भोकाड ऐकू आलं.

सून धावत आत आली. वाटी धुतल्यासारखी स्वच्छ होती.

"खाल्ली हिने?"

"सगळी." सासऱ्यांनी मिशीवरचं दूध पुसलं. "पण पोरगी भारी खादाड आहे तुझी. आणखी आण वाटीभर. आणि उद्यापासून दुप्पट कर. हिला पुरत नाही."

"आणते, बाबा," सून म्हणाली.

त्या दुपारी घरातली तीन माणसं फायद्यात राहिली. त्याची भरपाई चौथ्या माणसाने एकटीने केली. ती आजोबांच्या मांडीवर पाय आपटत होती, रिकाम्या वाटीकडे बोट दाखवत होती आणि तिला येणारा एकुलता एक शब्द साऱ्या घराला ओरडून सांगत होती, "आजो! आजो! आजो!"