कनातीपलीकडचं हसू

आशाबाईंनी लेकीच्या मांडीला दुसऱ्यांदा चिमटा काढला, तेव्हा पडद्यावरचा बारका साहेब थोरल्या भावाच्या दुधात विष कालवत होता.

सिनेमा खरं तर देवाधर्माचा येणार होता. नांदुऱ्याच्या स्टेशनवर रिळांची पेटी उतरली ती विलायती खुनाखुनीची. तंबूवाले रहेमतुल्लाशेठ हात जोडून म्हणाले, आजच्या दिवस हाच गोड मानून घ्या. लोकांनी मानून घेतला खरा, पण तोंडं वाकडी करूनच.

उंद्रीहून पाहुणे पुष्पाला बघायला आले होते. बघण्याचा कार्यक्रम नीट पार पडला. पुष्पा खाली मान घालून बसली, विचारलं तेवढंच बोलली. पाहुण्यांची एसटी सकाळची, म्हणून सिनेमाची टूम आशाबाईंनीच काढली. देवाधर्माच्या सिनेमात पोरगी हसेल कशाला, असा त्यांचा हिशोब होता. पुष्पाचं हसू ही त्या घरची मोठी काळजी होती. आधीचं स्थळ त्यापायीच हातचं गेलं. मुलाच्या काकांच्या फेट्याचा शेमला चहात बुडाला, काका तो पिळत पिळत घराण्याची थोरवी सांगत राहिले, आणि ही खदखदून हसली. आता उंद्रीचा दयाराम तिला मनापासून आवडला होता. तो हातचा जाऊ नये म्हणून बिचारी तोंडात पदराचा बोळा कोंबून बसली होती.

पडद्यावरची भाषा कोणालाच कळत नव्हती, पण न कळण्यासारखं होतं काय? बारक्याला घरासाठी थोरल्याचा काटा काढायचा होता. त्यानं जिन्यावर दोरी बांधली आणि स्वतःच अडखळून पडला. हात गळ्यात आला. गच्चीवरून दगड लोटायला गेला, तो स्वतःच्याच पायावर पडला. भोळा थोरला दर वेळी त्याची मनोभावे सेवा करी. आताही त्यानं विषाच्या दुधाचा पेला उचलला आणि मोठ्या मायेनं आजारी भावाच्याच ओठांना लावला.

बारक्यानं तिथंच मान टाकली. मेल्या माणसाला हसू नये, एवढं सगळ्यांना कळत होतं. पुष्पाला मात्र आवरेना. बोळा सुटला आणि ती हसली. त्याच क्षणी कनातीपलीकडे, पुरुषांच्या बाजूलाही कोणीतरी तसाच हसत सुटला. पुढे मयताची पेटी खांदेकऱ्यांच्या हातून निसटली, जिन्यावरून घसरत गेली आणि सगळ्यांच्या आधी दारात जाऊन थांबली. मग तर दोघांनी ताळच सोडला. बाकीचं गाव माना वळवून अंधारात बघत राहिलं.

मुलाची आई, जनकाबाई, मानानं पुढे बसली होती. तिनंही दोनदा मागं वळून पाहिलं. आशाबाईंनी लेकीला तिसरा चिमटा काढला.

खेळ सुटल्यावर तंबूबाहेर बत्तीच्या उजेडात जनकाबाईनं त्यांना गाठलंच.

"मांगं हसून राह्यली होती, ते पोट्टी कोन हो?"

"कोन जाने बाई," आशाबाई म्हणाल्या. "आमची पुष्पा तं भेवानं डोये मिटून बसली होती."

तेवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या आशाबाई कसल्या. पुरुषांकडेही एक अर्धवट हसत होता, असल्यांना तंबूत घेतातच कशाला, असंही त्यांनी ठसक्यात सुनावलं. पुष्पानं नजर वर केली नाही. आईनं वेळ मारून नेली, असंच तिला वाटलं.

जनकाबाईचा चेहरा मात्र उतरला. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मंग आपलं काई जमत नाई, आशाबाई," ती म्हणाली. "तो अर्धवट माहा दयाराम होता. आता ते हसनारी पोट्टी कोनाची, तेवढं आमाले शोधून द्या."