प्रवाळाच्या भिंतीआड

“कुणी ऐकतंय का? माझा नवरा पाण्यात पडलाय!”

रेडिओवर एका बाईचा आवाज आला, तेव्हा निर्मलाताई चहा गाळत होत्या. निवृत्तीनंतर त्या आणि मधुकरराव शिडाची बोट घेऊन कॅरिबियन बेटं फिरत होते. या राखीव बेटापाशी नांगर टाकायला बंदी, म्हणून सकाळीच त्यांनी बोट तरंगत्या बोयाला बांधली होती. प्रवाळाच्या भिंतीआड पाणी अगदी निवांत होतं.

तिने सांगितलेली जागा फार तर वीस मिनिटांच्या अंतरावर होती. मधुकररावांनी घाईघाईने दोर सोडला. पण बेटाच्या रक्षकाने आपली होडी आडवी घातली.

“भिंतीतून बाहेर पडायच्या वाटेवर दोन पुरुष उंचीच्या लाटा फुटताहेत. तुम्हीही बुडाल. हेलिकॉप्टर निघालंय.”

मधुकरराव दोर हातात धरून तसेच उभे राहिले. निर्मलाताईंनी माइक उचलला. “त्याच्यावरची नजर काढू नकोस, बाळा.”

“दिसतोय... जॅकेट दिसतंय.” मग बराच वेळ नुसता वारा. “आता नाही दिसत हो.”



हेलिकॉप्टर आलं आणि अंधारेपर्यंत घिरट्या घालत राहिलं. नवरा सापडला नाही. तिला वर उचलून घेण्याआधी तिने रेडिओवर एकदाच विचारलं, “तुम्ही आहात तिकडेही समुद्र असाच आहे का?”

निर्मलाताईंनी बाहेर पाहिलं. पाण्यावर साधा तरंगही नव्हता.

“हो गं,” त्या म्हणाल्या. “इथेही असाच आहे.”